स्वीट कॉर्न : गोडीचा आणि वजनाचा हिशेब

लोणावळ्याच्या पावसात कणीस भाजून घेताना कुणीतरी हमखास सांगतं, "पिवळं घे, ते गोड असतं." खरं तर दाण्याचा रंग एक जनुक ठरवतं आणि गोडी दुसरंच. अमेरिकेत गाजलेलं 'सिल्व्हर क्वीन' हे गोड वाण पांढरंशुभ्र आहे.

"ही गोडी जनुक घालून आणलीय," हा समजही चिवट आहे. दाण्यात साखरेचा स्टार्च होतो. हे काम अर्धवट सोडणारे बदल मक्यात निसर्गतःच घडले, माणसाने ते फक्त हेरले. त्यातल्या 'श्रंकन-2' या बदलाचं मोल इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी 1953मध्ये दाखवून दिलं. यातून आलेल्या अतिगोड वाणांचं बी सुरकुतलेलं, हलकं असतं. ते पाहून दुकानदाराशी भांडू नये. पेरताना मात्र जमीन उबदार हवी, कारण उगवण नाजूक असते.

मग जास्त गोड ते जास्त चविष्ट? तसंही नाही. 'शुगरी' या दुसऱ्या बदलातून आलेल्या जुन्या वाणांचा दाणा सायीसारखा मऊ लागतो, पण तोडल्यावर उन्हाळ्यात त्याची गोडी दिवसभरातच ओसरते. अतिगोड दाणा कुरकुरीत नि पाणीदार असतो, गोडीही बरेच दिवस टिकवतो. वाफवायला तोच बरा. निखाऱ्यावर मात्र माझं मत देशी कणसालाच. स्टार्चशिवाय भाजण्यात मजा नाही.

उत्पादनाची तुलना तर बहुतेक वेळा तराजूवरच फसते. पाल्यासकट जड भरलेलं कणीस सोलल्यावर शेंड्याला रिकामं निघतं. कारखान्याला दाण्यांचं वजन हवं असतं, हातगाडीवाल्याला नग. शिवाय दोन वाणं एकाच दिवशी तोडली, तर लवकर येणारं जून झालेलं असतं. कणसाचे केस बाहेर पडल्यापासून साधारण 18 ते 22 दिवस मोजावेत. नखाने दाणा टोचून पांढऱ्या दुधाची वाट पाहण्याची सवय अतिगोड वाणात दगा देते, कारण त्याचा रस तयार असतानाही फारसा दुधाळ नसतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तुलनेसाठी 'शुगरी' आणि 'श्रंकन-2' शेजारशेजारी लावणं. एकाचे पराग दुसऱ्यावर पडले की त्याच कणसात दाणे पिठूळ होतात, दोघांचेही! साध्या मक्याच्या शेजारीही तेच. एक तर सुमारे 250 मीटर अंतर ठेवावं, नाही तर तुरे एकाच वेळी येणार नाहीत अशा बेताने पेरणीत दोनेक आठवड्यांचा फरक ठेवावा.