आठवड्याची वही

आपण पेरणी करतो. मग थेट मळणीलाच शेतात जातो काय? नाही. मधून मधून फेरी मारतो. तण दिसले की खुरपतो. कीड दिसली की उपाय करतो. मुलांच्या शिक्षणाचे मात्र आपण उलटे करतो. जूनमध्ये नाव घालतो आणि वर्षअखेरीस प्रगतिपुस्तक पाहतो. तोवर तण वाढलेले असते.

पाचवी ते आठवी ही चार वर्षे फार मोलाची. पाचवीत अपूर्णांक पक्के झाले नाहीत, तर पुढे शेकडेवारी अडते. शेकडेवारी अडली की व्याजाचा हिशेब अडतो. मूल वर्गात गप्प बसू लागते. मग एक दिवस म्हणते, "मला शाळा नको." आपल्याला वाटते, त्याला गोडीच नाही. खरे पाहता त्याची वाट मागेच कुठेतरी चुकलेली असते.

आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही असे ठरले होते. २०१९ साली कायदा बदलला. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम केला. मूल नापास झाले तर त्याला पुन्हा एक संधी मिळते. तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणून अगोदर जागे व्हावे, हे बरे.

यासाठी आम्ही एक सोपा उपाय सांगतो. एक साधी वही घ्या. आता तुम्हांला अक्षरे आली, आकडे आले. एवढी विद्या या कामाला पुरे आहे.

गुण कसे वाचावे

शाळेत चाचणी झाली की मुलाकडून गुण विचारा आणि वहीत लिहा. पण नुसता आकडा पाहू नका. किती पैकी किती, ते पाहा.

समजा, सहावीतल्या मुलीला असे गुण मिळाले:

मराठी : २० पैकी १५
गणित : २० पैकी ७
इंग्रजी : १० पैकी ४

कोणता विषय कच्चा? चार हा आकडा सातापेक्षा लहान. म्हणून कुणी म्हणेल, इंग्रजी कच्चे. पण थांबा. सगळे गुण शंभरावर आणून पाहू. वीसपैकी असतील तर पाचाने गुणा. दहापैकी असतील तर दहाने गुणा. आता मराठी झाले ७५, गणित ३५ आणि इंग्रजी ४०. म्हणजे सर्वांत कच्चे गणित निघाले!

काही प्रगतिपुस्तकांत आकड्यांऐवजी श्रेणी असते. २०१० साली आलेल्या पद्धतीत अ-१ म्हणजे शंभरात ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०. पुढे ब-१, ब-२, क-१, क-२ असे दहादहाने खाली यायचे. ड म्हणजे ३३ ते ४०. तुमच्या पुस्तकात श्रेणी असेल, तर तिचा अर्थ गुरुजींना किंवा बाईंना विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

आठवड्याचे काम कसे ठरवावे

रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी सांजेला मुलाजवळ बसा. एकच काम ठरवा. "यंदा गणितात खूप मार्क मिळवीन" हे काम नव्हे, ती इच्छा झाली. "रोज भागाकाराची पाच उदाहरणे सोडवीन" हे काम झाले. सोमवार ते शनिवार सहा दिवस. म्हणजे आठवड्यात तीस उदाहरणे. ज्या दिवशी काम झाले, त्या दिवशी मुलानेच वहीत एक रेघ मारावी.

त्याखाली दुसरे एक काम लिहा. ते आईबापांचे. मुलगी पाणी भरते, भांडी घासते, धाकट्या भावाला सांभाळते. मग उदाहरणे करील केव्हा? म्हणून लिहा: "सांजेचा एक तास हिला कुणी काम सांगणार नाही." तो शब्द आपणही पाळायचा. पाळला तर आपणही रेघ मारायची.

काम झाले नाही तर

रेघा कमी पडल्या, तर हात उगारू नका. मारले की मूल खोट्या रेघा मारू लागते. मग वही कसली अन् हिशेब कसला! शांतपणे विचारा, "काय गं, कुठं अडलं?"

वेळ मिळाला नसेल, तर वेळ द्या. विसरली असेल, तर जेवणाआधीची वेळ ठरवून द्या. समजलेच नसेल, तर पुढच्या आठवड्यात काम लहान करा आणि गुरुजींना भेटा. जाताना वही बरोबर न्या. "पोरगं कसं आहे?" असे विचारले, तर "बरं आहे" एवढेच उत्तर मिळते. वही उघडून "भागाकारात अडतंय, काय करू?" असे विचारा. मग गुरुजींनाही नेमके सांगता येते.

दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका. आपल्या मुलीचे मागच्या चाचणीत गणितात वीसपैकी सात होते, आता नऊ झाले. हीच तिची प्रगती. तिला तसे बोलून दाखवा.

तेव्हा आजच वही काढा. पहिल्या पानावर मुलाचे नाव, इयत्ता आणि तारीख लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. पण ते तुमच्या हातचे असू द्या. आईबाप आपल्यासाठी लिहितात, हे मुलाला दिसू द्या.