मोजपट्टीला चरबी किती कळते?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणांपैकी काहींचा असा समज असतो की, भरतीच्या मैदानावर छातीभोवती लावली जाणारी मोजपट्टी अंगातील चरबी तपासते. वस्तुतः महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान 79 सेंटीमीटर असावी लागते आणि फुगवल्यावर ती किमान 5 सेंटीमीटरने वाढावी लागते. या मापातून छातीचा घेर व तिचे प्रसरण कळते, चरबीचे प्रमाण नव्हे.

चरबीचा अंदाज देणारी मोजपट्टीची पद्धत निराळी असून, ती हॉजडन आणि बेकेट यांनी 1984 मध्ये अमेरिकी नौदलासाठी तयार केली. तीत पुरुषाच्या बेंबीच्या पातळीवरील पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा करतात आणि उरलेल्या आकड्याची उंचीशी सांगड घालून शरीराच्या वजनात चरबीचा वाटा किती टक्के आहे, हे सूत्राने काढतात. स्त्रियांच्या बाबतीत कंबर व नितंब यांच्या घेरांची बेरीज करून त्यातून मानेचा घेर वजा होतो. सूत्रात वजन कोठेच येत नाही, ही बाब काट्यावरच विसंबणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात घ्यावी.

मात्र हा आकडा अचूक असतो, असे मानणे हा दुसरा गैरसमज होय. उंची 170, पोट 80 आणि मान 36 सेंटीमीटर असल्यास उत्तर सुमारे 15.4 टक्के येते. पट्टी सैल राहून पोट 82 भरले, तर तेच 17 टक्क्यांवर जाते. माप बिनचूक घेतले तरी तीन-चार टक्क्यांचा फरक संभवतोच. अमेरिकी भूदलाने तर 2023 मध्ये मानेचे माप सोडून पोटाचा घेर आणि वजन यांवर आधारलेली सोपी पद्धत स्वीकारली.

सडपातळ माणसात चरबी कमीच असते, हा समज सर्वांत घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा देहभार निर्देशांक दोघांचाही 22.3 होता, पण क्ष-किरण तपासणीत युडकिन यांची चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के आढळली. अमेरिकी सैनिकांच्या मापांवर बेतलेले सूत्र खानदेशी तरुणाला जसेच्या तसे लावताना म्हणूनच सावधगिरी हवी. पोटाच्या घेराची धोक्याची मर्यादाही युरोपीय पुरुषांसाठी 94, तर दक्षिण आशियाई पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर मानली जाते.