निवृत्त फौजी जनरेटर आणि कमी लोडचा आजार

लिलावात आलेला फौजी जनरेटर पाहताना जाणकार माणूस आधी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवतो. कोरडी काजळी लागली तर ठीक. काळा, तेलकट, ओलसर चिकटा लागला तर समजायचे, की या यंत्राने बराच काळ जेमतेम लोडवर काढला आहे. गोळ्या, वाळू, उन्हाळा यांपेक्षा या यंत्रांचे जास्त नुकसान केले ते हलक्या कामाने. दुरुस्तीला हात घालणाऱ्याने हे आधी समजून घ्यायला हवे.

अमेरिकी सैन्याने मोडीत काढलेला माल संरक्षण खात्याच्या लॉजिस्टिक्स एजन्सीच्या विल्हेवाट शाखेकडे जातो. तिचे मुख्यालय मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला आहे. तिथून ऑनलाइन लिलावांद्वारे हे जनरेटर शेतकऱ्यांकडे, छोट्या कंत्राटदारांकडे आणि वादळांच्या पट्ट्यातल्या घरांमध्ये पोहोचतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासची वीज ऐन हिमवादळात गेली. तसे दिवस ज्यांनी काढले, त्यांना अंगणात स्वतःचा जनरेटर असावा असे वाटणारच.

या यंत्रांच्या नावातले ‘एमईपी’ म्हणजे मोबाइल इलेक्ट्रिक पॉवर. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्याकडे नाना कंपन्यांचे, एकमेकांशी न जुळणारे जनरेटर साचले होते. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालेना. १९६७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यालय उभे राहिले आणि ठरावीक क्षमतेचे ठरावीक संच आले. एमईपी-००२ए ५ किलोवॉटचा, ००३ए १० किलोवॉटचा. दोन्हींत ओनानची हवेने थंड होणारी, कानठळ्या बसवणारी इंजिने. पुढच्या पिढीत ८०२ए आणि ८०३ए हे तुलनेने शांत संच आले. त्यांचा आवाज ७ मीटरवर ७० डेसिबलच्या आसपास. त्यांत लिस्टर पेटरची पाण्याने थंड होणारी इंजिने आहेत, ८०२एमध्ये दोन सिलिंडरचे आणि ८०३एमध्ये चार सिलिंडरचे. लिस्टर हे नाव आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना नवे नाही. इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या या कंपनीच्या मंदगती इंजिनाबरहुकूम राजकोटच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे इंजिने घडवली.

आता त्या चिकट्याकडे वळू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते. लोड कमी असला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, पिस्टनच्या रिंगा भिंतीला नीट टेकत नाहीत आणि अर्धवट जळालेले इंधन काजळीसह एक्झॉस्टमध्ये उतरते. नोझलवर कार्बन बसतो, इंधन झिरपून ऑइल पातळ होते. यालाच वेट स्टॅकिंग म्हणतात. इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर हे सर्रास झाले. गरज लहान असली तरी उपलब्ध असलेला मोठा संच जोडून रात्रंदिवस चालू ठेवला जाई. डिझेल वाया जाई ते वेगळेच, आणि ते डिझेल रक्त सांडून येत होते. सैन्याच्याच पर्यावरण धोरण संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस जखमी होत होता किंवा मरत होता.

लिलावातून आणलेला संच लगेच स्टार्टर मारून बघण्याचा मोह आवरावा. ८०३एच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्शन पंप असतो आणि सगळे एका रॅकने, म्हणजे इंधन कमी-जास्त करणाऱ्या पट्टीने, जोडलेले असतात. वर्षभर उभ्या राहिलेल्या डिझेलचा राळेसारखा थर एखाद्या पंपात बसला, की रॅक अडकतो. तो बंदच्या बाजूला अडकला तर इंजिन नुसतेच फिरते. पूर्ण इंधनाच्या बाजूला अडकला तर मात्र सुरू होताच ते बेफाम पळते. म्हणून रॅक हाताने हलतो का हे आधी पाहायचे, आणि हवेचा मार्ग झाकायला फळी जवळ ठेवायची. अडकलेला पंप काढून, भिजवून, स्वच्छ करून बसवणे हे या दुरुस्तीतले सर्वांत किचकट काम. त्याला घाई मानवत नाही.

पुढची कामे त्यामानाने सरळ आहेत. टाकी धुणे, फिल्टर बदलणे, रबरी नळ्या टाकून देणे, इंधनातली हवा काढणे, उंदरांची घरटी उपसणे. बॅटरी मात्र १२ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये, कारण सगळी यंत्रणा २४ व्होल्टची. पॅनेलच्या आत ‘डेड क्रँक’ नावाचा स्विच आहे. त्याने इंजिन सुरू न करता नुसते फिरवून सगळीकडे ऑइल पोहोचवता येते. बाहेर झाकणाखाली असतो तो ‘बॅटल शॉर्ट’. तो दाबला की ऑइलचा दाब गेला, पाणी उकळले, तरी यंत्र थांबत नाही. रडार किंवा शस्त्रक्रियेचा तंबू चालू राहणे इंजिनापेक्षा मोलाचे असते, म्हणून ही सोय. घरच्या अंगणात त्याला हात लावायचे कारण नाही. दुरुस्तीआधी तो बंद आहे ना, एवढे बघावे.

कधी इंजिन छान चालते, पण व्होल्टमीटर शून्यावर. बराच काळ उभे राहिल्याने अल्टरनेटरमधले शिल्लक चुंबकत्व गेलेले असते. ८०३एमध्ये सुरू करताना बॅटरीतून फील्डला झटका देण्याची योजना मुळातच आहे, त्यामुळे आधी ते सर्किट तपासावे आणि मग रेग्युलेटर. रंग खरवडताना मास्क हवाच, कारण रासायनिक हल्ल्याला तोंड देणारा तो फौजी लेप फुप्फुसांना घातक असतो, आणि जुन्या थरांत क्रोमियमही असू शकते.

या सगळ्यात दुरुस्ती करणाऱ्याची खरी सोबत म्हणजे सैन्याच्या तांत्रिक पुस्तिका. एकोणीस वर्षांच्या नवख्या सैनिकाला रणांगणात उमगावे म्हणून त्या लिहिल्या गेल्या. प्रत्येक बिघाडाला पायरी-पायरीने उत्तर, प्रत्येक वायरला क्रमांक. बाजारात मिळणाऱ्या आजच्या कित्येक यंत्रांबद्दल मालकाला याच्या दशांशही माहिती मिळत नाही, आणि हा ग्राहकावरचा उघड अन्याय आहे.

यंत्र सुरू झाले तरी काम निम्मेच झालेले असते. त्याला लोड बँक, म्हणजे मोठे हीटर, जोडून लोड हळूहळू वाढवत पूर्ण क्षमतेजवळ न्यायचा आणि काही तास तिथेच ठेवायचा. आधी भरपूर धूर निघतो, साठलेला चिकटा जळतो, मग एक्झॉस्ट स्वच्छ होत जातो. इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर स्थिर राहून ६० हर्ट्झ देते का, हेही इथेच कळते.

खरेदीतली चूक बहुधा क्षमतेचीच होते. १० किलोवॉटचा ८०३ए सुमारे ५३६ किलोचा, ५ किलोवॉटचा ८०२ए सुमारे ४०० किलोचा. किमतीत फार फरक नसला की माणूस मोठा उचलतो. मग रात्री फ्रीज आणि चार दिवे एवढ्याच लोडवर तो चालतो आणि सैन्यात जडलेला आजार घरीही सुरू राहतो. शहाणे मालक ८०२ए घेतात, किंवा ८०३ए रोज ठरावीक वेळच चालवतात आणि त्या वेळात पाण्याचा हीटर, विहिरीचा पंप, कपडे वाळवण्याचे यंत्र सगळे लागोपाठ लावतात. अमेरिकेतल्या घरगुती पाण्याच्या हीटरचे एलिमेंट बहुधा ४.५ किलोवॉटचे असते. तेवढ्याने इंजिन नीट तापते.