गिटार वेगळ्या सुरांत लावताना

सहा तारांची गिटार सर्वसाधारणपणे ई, ए, डी, जी, बी, ई अशी लावतात, सर्वांत जाड तारेपासून सर्वांत बारीक तारेपर्यंत. 'ए'ला सा मानले, तर हे स्वर प, सा, म, कोमल नि, रे आणि वरचा प असे होतात. या लावणीला स्टँडर्ड ट्यूनिंग म्हणतात. शेजारच्या तारांमध्ये बहुतेक ठिकाणी सा-म एवढे अंतर आणि फक्त जी-बी या जोडीत सा-ग एवढे, अशी तिची रचना आहे. त्यामुळे कोणत्याही पट्टीतले कॉर्ड बोटे फार न ताणता धरता येतात. उणीव एवढीच, की सहाही तारा मोकळ्या छेडल्या तर त्यातून कान टेकावा असा ठाम सूर निघत नाही. स्वतःची गाणी रचणारे अनेक वादक खुंट्या पिळतात ते याच कारणाने.

भारतीय कानाला यात नवे काही नाही. तंबोऱ्याची पहिली तार रागाप्रमाणे प, म किंवा नि यांवर लावली जाते आणि बाकीच्या तारा षड्ज धरून राहतात. तंबोऱ्यांसाठी नावाजलेल्या मिरजेत कुणाला हे समजावून सांगायला नको. नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी ज्या परंपरेतले, त्या शाहिरीत तुणतुण्याची एकच तार गाणाऱ्याच्या सुराला लावून घेतात. वाद्याने गाण्याच्या मागे जायचे, हा मूळ विचार. गिटारवालेही याच विचाराकडे आले.

याच नगर जिल्ह्यात गिटार आणि स्वरचित गाणी एकत्र ऐकायची, तर ठिकाण मेहेराबाद. अहिल्यानगर शहराच्या दक्षिणेला दौंड रस्त्यावर अरणगावजवळच्या टेकडीवर आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांची समाधी आहे. पुण्यात 1894 मध्ये जन्मलेले मेहेरबाबा 10 जुलै 1925 पासून 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत मौनात होते. मौन पाळणाऱ्या या पुरुषाला गाण्याची मात्र विलक्षण ओढ होती, आणि त्यांच्यावर रचल्या गेलेल्या गाण्यांना तर सुमारच नाही. ऑस्ट्रेलियन कवी फ्रान्सिस ब्रॅबझन 1959 पासून दहा वर्षे नगरजवळच्याच मेहेराजाद या बाबांच्या निवासस्थानी राहिले आणि तिथे त्यांनी चक्क इंग्रजीत गझला लिहिल्या. समाधीवर सकाळी आणि संध्याकाळी आरती होते. त्यानंतर भाविक आपापल्या भाषेत गातात. मराठी, हिंदी, गुजराती भजनांशेजारीच अमेरिका-युरोपातून आलेले कुणी गिटार घेऊन स्वतःचे गाणे म्हणते.

अशी गाणी रचणाऱ्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे 'द हू' या ब्रिटिश बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड. त्याच्या बँडचा 'टॉमी' हा अल्बम 1969 मध्ये आला, तेव्हा त्याच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचे नाव होते. टाउनशेंड 1972 मध्ये मेहेराबादला येऊन गेला. त्याच वर्षी आलेल्या 'हू केम फर्स्ट' या त्याच्या अल्बममध्ये बाबांच्या प्रार्थनेवर आधारलेले 'परवरदिगार' हे गाणे आहे. 'टॉमी'तल्या 'पिनबॉल विझर्ड'मध्ये अकूस्टिक गिटारवर जे वेगवान कॉर्ड वाजतात, त्यांत एक युक्ती वारंवार येते: कॉर्डमधला ग काढून त्याच्या जागी म ठेवायचा आणि लगेच ग वर उतरायचे. अशा कॉर्डला सस्पेंडेड, बोलीभाषेत 'सस फोर', म्हणतात. ग नसल्यामुळे तो कॉर्ड मेजरही नसतो आणि मायनरही नसतो. कान थोडा वेळ अधांतरी राहतो. टाउनशेंड हे बोटांनी करतो. हेच काम खुंट्यांवर सोपवता येते.

डावा हात न लावता छेडल्यावर पूर्ण कॉर्ड वाजावा, अशा लावणीला ओपन ट्यूनिंग म्हणतात. ओपन डीमध्ये तारा डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा लागतात, म्हणजे सा प सा ग प सा. ओपन जीमध्ये डी, जी, डी, जी, बी, डी, म्हणजे प सा प सा ग प. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकापासून तारा सैल करून वाजवण्याची स्वतंत्र शैलीच आहे. कॅनडाच्या जोनी मिचेलला लहानपणी पोलिओ झाला आणि डाव्या हातातले बळ कमी झाले. तिने अवघड पकडी टाळून डझनावारी लावण्या शोधल्या, आणि तिच्या गाण्यांचा वेगळेपणा बराचसा त्यातूनच आला.

मराठी गाणे रचणाऱ्याने आधी हात घालावा तो मात्र 'डॅडगॅड'ला. डी, ए, डी, जी, ए, डी या अक्षरांवरूनच हे नाव पडले. ब्रिटिश वादक डेव्ही ग्रॅहमने मोरोक्कोत ऊद हे वाद्य ऐकल्यानंतर 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ही लावणी रूढ केली. स्वरांत मांडली, तर ती सा प सा म प सा अशी. यात ग मुळी नाहीच. त्यामुळे गाणारा कोमल ग घेवो की शुद्ध, मागची आस त्याच्याशी भांडत नाही. अभंगाची चाल असो की ओवीची, गळ्याला मोकळीक राहते. ओपन डीमध्ये मोकळ्या तारेवर शुद्ध ग सतत घुमतो आणि कोमल गंधाराची चाल तिथे लगेच बेसूर वाटते.

स्टँडर्डवरून इथे यायला तीनच तारा उतरवाव्या लागतात. सहावी (सर्वांत जाड), दुसरी आणि पहिली, प्रत्येकी एक पूर्ण स्वर खाली. पकडीही सोप्या. तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला एक बोट ठेवले, की सा आणि प एवढेच उरतात, हे घर. सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटला बोट ठेवून पाचवी तार दाबून गप्प केली आणि बाकीच्या मोकळ्या सोडल्या, की म चा कॉर्ड मिळतो. तिसरी आणि चौथी तार दुसऱ्या फ्रेटला धरून सहावी वगळली, की प चा. तिन्ही पकडींत पहिल्या दोन तारा मोकळ्याच असतात, त्यामुळे वरचा प आणि सा तंबोऱ्यासारखे अखंड वाजत राहतात. एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा, नवशिक्याला रडवणारा बार कॉर्ड इथे लागत नाही. उलट अडचण अशी, की सगळेच कॉर्ड गोड लागतात आणि दहाव्या गाण्यालाही पहिल्याचाच रंग येतो. पट्टी वारंवार बदलणारे चित्रपटगीत वाजवायचे, तर स्टँडर्डच बरी.

गळ्याचे गणितही पाहावे. डी म्हणजे पेटीवरची पांढरी दोन. डॅडगॅडवर पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला, की काळी दोन होते, आणि ही पट्टी अनेक पुरुषांच्या गळ्याला मानवते. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईसाठी हाच कॅपो सहाव्या फ्रेटपर्यंत न्यावा लागतो आणि आवाज चिरका होतो. त्यापेक्षा गिटार ओपन जीमध्ये लावून पहिल्या फ्रेटला कॅपो लावावा. सा नेमका काळी चारवर येतो आणि खर्जाचे भारदस्तपणही टिकते.

लावताना तार हव्या त्या स्वराच्या थोडी खाली न्यावी आणि मग वर आणून थांबवावी. वरून खाली आणून सोडलेली तार पुन्हा उतरते. सैल तार फ्रेटवर घरघरली, तर थोडा जाड संच बसवावा. डॅडगॅडमधून स्टँडर्डवर परतताना पहिली तार चढवावी लागते आणि जुनी असेल तर ती तिथेच तुटते, म्हणून गिटारच्या पिशवीत एक सुटी पहिली तार असू द्यावी.