तीन तास कुणाच्या मालकीचे?

नेरूळमध्ये मेडिकल कॉलेजे दोन आहेत. आणि त्याच नेरूळच्या एका वस्तीत, दहा बाय बाराच्या खोलीत, आमच्या ओळखीची एक मुलगी नीटची तयारी करीत होती. आई कंत्राटी सफाई कामगार, बाप नाक्यावर उभा राहणारा. पोरगी हुशार. आम्ही सहज विचारले, ''बाळा, पेपर वेळ लावून सोडवतेस ना?'' ती म्हणाली, ''हो काका, मोबाईलवर टायमर लावते. तीन तासांत बरोबर होतो.'' आम्हाला बरे वाटले. मग खोदून विचारले तेव्हा खरे कळले. नळाला पाणी आले की टायमर थांबवायचा. पाहुणे आले, थांबवायचा. धाकटा भाऊ रडला, थांबवायचा. मोबाईलमध्ये तीन तास झाले, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेलेले असत. पोरगी बसलेली असे बारा वाजता!

यात दोष तिचा नाही. पण परीक्षेचे घड्याळ थांबवता येत नाही. 2025 च्या नीटमध्ये 180 प्रश्न होते आणि मिनिटेही 180च. उत्तरपत्रिकेवरचे एक वर्तुळ काळे करायला पाच सेकंद धरले तरी त्यातली 15 मिनिटे नुसत्या वर्तुळांत जातात. राज्याच्या सीईटीमध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. तुकड्या-तुकड्यांनी अभ्यास करणारा विद्यार्थी विषयात कच्चा नसतो; सलग तीन तास एका जागी बसून झुंजण्याची सवय त्याला नसते. तिथेच तो मागे पडतो.

मग गुणवत्तेचा टेंभा मिरवणारे म्हणतात, ''घड्याळ तर सर्वांना सारखेच!'' सारखे आहे, पण परीक्षेच्या हॉलमध्ये. 2024 च्या नीटमध्ये केंद्रावर वेळ वाया गेला म्हणून 1,563 विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ते गुण रद्द झाले आणि त्या विद्यार्थ्यांना 23 जूनला फेरपरीक्षेची संधी मिळाली. म्हणजे गेलेल्या वेळेला किंमत असते, हे व्यवस्थेलाही मान्य आहे. मग पाण्याच्या रांगेत, एका खोलीच्या गोंगाटात आमच्या मुलांचे वर्षभर जे तास जातात, त्यांची फेरपरीक्षा कोण घेणार? ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, त्याच्याकडे तीन तास आपोआप असतात. आमच्या पोरांना ते मिळवावे लागतात. आरक्षणावर नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला आहे काय?

बाबासाहेबांनाही हे तास आयते मिळाले नव्हते. परळच्या चाळीतली एकच खोली. भीमराव लवकर झोपत. सुभेदार रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत आणि दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवत. चाळ झोपलेली असताना बापाने मुलासाठी शांतता मिळवली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या घरात घड्याळाचे काम बापाने केले होते.

आज ते काम समाजाने करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आमच्या वस्त्यावस्त्यांत बुद्धविहार उभे आहेत. जयंतीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी दुपारी कुलूप असते. ते कुलूप दर रविवारी दुपारी दोन ते पाच काढा. नीट त्याच वेळी होते. दुपारची झोप मोडायची सवयही तिथेच लागेल. खर्च किती? जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स, एक भिंतीवरचे घड्याळ, दारात एक कार्यकर्ता. मोबाईल बाहेर ठेवायचे. नीटला मनगटी घड्याळही चालत नाही, तेव्हा मान वर करून भिंतीवर वेळ पाहायची सवय आतापासूनच हवी.

मुलांनाही सांगतो. आधी धडा पक्का करा, मग वेळ लावा. कच्च्या धड्यावर घड्याळ लावले तर नुसती भीती वाढते. नीटचे जीवशास्त्राचे 90 प्रश्न 50 मिनिटांत उरकले तर फिजिक्सला श्वास घ्यायला जागा मिळते. एखादा प्रश्न मिनिटभरात सुटेना, तर खूण करून पुढे जा. नीटमध्ये चुकीला एक गुण कापतात, तिथे अंदाजाने ठोकू नका. सीईटीत कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पेपर संपला की किती गुण पडले एवढेच नव्हे, तर कोणत्या प्रश्नाने किती वेळ खाल्ला, तेही वहीत लिहा. आणि काहीही झाले तरी टायमर थांबवू नका.

डीजेला हजारो रुपये मोजणाऱ्या मंडळांनो, एक घड्याळ आणि तीन तासांची शांतता एवढीच वर्गणी या मुलांना द्या. नेरूळची ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे. तिच्या वस्तीतल्या विहाराची किल्ली कुणाच्या खिशात आहे, याचा शोध आम्ही सुरू केला आहे. तुमच्या वस्तीतल्या किल्लीचा शोध तुम्ही घ्या.

जयभीम!