नाक एकीकडे, वाट दुसरीकडे

पडद्यावरचं गतिशास्त्र : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण ‘एलिट डेंजरस’मधलं सुरुवातीचं छोटं यान, साइडवाइंडर, स्थानकाबाहेर काढलं, थोडं फिरवलं आणि परत आणून उतरवलं. ते सहज जमलं, कारण उडवण्याचं निम्मं काम आपण केलंच नव्हतं. ते यानावरचा संगणक करत होता. खेळात या व्यवस्थेला फ्लाइट असिस्ट म्हणतात आणि की-बोर्डवरचं झेडचं बटण दाबलं की ती बंद होते. या लेखमालेतला हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. शाळेत पाठ केलेला न्यूटनचा पहिला नियम हाताच्या बोटांना कळावा, असं वाटत असेल तर त्यासाठी याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

आधी असिस्ट नेमकं काय करतं ते पाहू. ते चालू असताना थ्रॉटल म्हणजे मागणी असते. तो निम्म्यावर ठेवला की आपण एवढंच सांगतो : कमाल वेगाच्या निम्म्या वेगाने, नाकाच्या दिशेने चल. संगणक प्रत्यक्ष वेग मोजतो, मागणीशी ताडून पाहतो आणि फरक मिटेपर्यंत हवे ते थ्रस्टर पेटवत राहतो. नाक डावीकडे वळवलं तर जुन्या दिशेतला वेग तोच मारतो आणि नव्या दिशेतला तोच देतो. वळणाचं बटण सोडलं की उलट बाजूचा थ्रस्टर पेटवून यानाचं फिरणंही तोच थांबवतो. म्हणून यान विमानासारखं वागतं : नाक जिकडे, वाट तिकडे.

झेड दाबलं की मागणी संपते. आता बटण म्हणजे फक्त धक्का. बटण दाबलेलं असेल तोवर वेग बदलत राहतो. सोडलं की जो वेग झाला असेल तो तसाच राहतो. थ्रॉटल शून्यावर आणला तरी यान थांबत नाही, कारण शून्य धक्का म्हणजे शून्य बदल. आणि हे फिरण्यालाही लागू आहे. नाक वर उचलायला दिलेला क्षणभराचा धक्का कोणी पुसला नाही, तर यान कोलांट्या घेतच राहतं.

आपल्या शरीराला हे नवं आहे. जन्मापासून आपण घर्षणात वावरतो. पावडर टाकलेल्या कॅरमबोर्डवरही सोंगटी कितीही सुळकन सुटली तरी शेवटी थांबतेच, आणि हातांनी तेवढंच शिकून ठेवलेलं असतं : जोर द्यायचा आपण, थांबणं आपोआप होतं. असिस्ट बंद केल्यावर थांबणंही आपल्याच हातांनी करावं लागतं. दिलेला प्रत्येक धक्का कधी ना कधी उलट्या धक्क्याने फेडावा लागतो आणि तो कुठे फेडायचा, हे देतानाच ठरवावं लागतं.

आकड्यांत पाहा. समजा, तुमचं यान सेकंदाला १०० मीटर वेगाने चाललंय आणि उलटे थ्रस्टर दर सेकंदाला २० मीटरने वेग कमी करू शकतात. थांबायला ५ सेकंद आणि २५० मीटर लागतील. वेग २०० केला तर सेकंद दुप्पट, म्हणजे १० होतात, पण अंतर चौपट : पूर्ण एक किलोमीटर. नवशिके स्थानकाच्या भिंतीवर आदळतात ते या चौपटीमुळे. शिवाय पुढे ढकलणारं मुख्य इंजिन उलट्या थ्रस्टरपेक्षा जोरदार असतं. म्हणून सरावलेला वैमानिक वेगात असताना यान गर्रकन उलटं फिरवतो, पाठ पुढे करतो आणि मुख्य इंजिनानेच ब्रेक मारतो. यान तेव्हा वाटेच्या बरोबर उलट दिशेला तोंड करून जात असतं, आणि वाटेला त्याचं काहीच नसतं.

सराव सुरू करायचा तो साइडवाइंडरवरच. यान हलकं आहे, बारीक धक्क्यालाही लगेच उत्तर देतं आणि मोडलं तरी खेळ नवं साइडवाइंडर फुकट देतो. स्थानकापासून लांब, मोकळ्या जागेत या. पूर्ण थांबा आणि मग झेड दाबा. सुरुवातीला पुढे-मागे काहीच करायचं नाही, फक्त फिरायचं, तेही एका अक्षावर. नाक वर नेणारं बटण क्षणभर दाबा आणि सोडा. तारे संथपणे खाली सरकू लागतील. आता हात बाजूला घ्या आणि ते सरकताना नीट पाहा. वेग वाढत नाही, कमी होत नाही. मग उलटं बटण साधारण तेवढाच वेळ दाबा. की-बोर्डवर प्रत्येक दाब पूर्ण जोराचा असतो, त्यामुळे तोलायचा तो फक्त वेळ. तारे थांबले तर उत्तम. पहिल्यांदा बहुधा थांबणार नाहीत. थोडे वर किंवा थोडे खाली रेंगाळत राहतील. त्या उरलेल्या रेंगाळण्याला आणखी बारीक टिचकी द्यायची.

इथे बहुतेकांचा एकच घोटाळा होतो. नाक लक्ष्याच्या पुढे गेलं की माणूस उलट बटण दाबतो आणि नाक लक्ष्यावर परत येईपर्यंत दाबून धरतो. नाक परत येतं खरं, पण तोपर्यंत उलट दिशेचा भरपूर वेग साठलेला असतो. मग ते पलीकडे जातं. पुन्हा दाब, पुन्हा उलट. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. खऱ्या विमानांतही हे घडतं. विमानशास्त्रात त्याला पायलट-इंड्यूस्ड ऑसिलेशन म्हणतात. कारण असं की डोळ्यांना दिसतं ते नाक कुठे आहे ते, आणि बोटांच्या ताब्यात असतं ते त्वरण. स्थान आणि त्वरण यांच्यामध्ये वेगाची एक पायरी आहे, ती डोळे गाळून टाकतात. त्यावर उपाय एकच : नाक लक्ष्यावर येण्याची वाट न पाहता, ते निम्म्या वाटेवर असतानाच उलट धक्का द्यायचा. आठवडाभर फक्त एवढंच केलंत तरी चालेल. घाईने पुढे गेलेल्यांना पुढचं सगळं जड जातं.

चालू असिस्ट आणि बंद असिस्ट हा फरक खेळाच्या निर्मात्यांनी कल्पनेतून काढलेला नाही. अमेरिकेच्या जेमिनी यानांत यान वळवण्याच्या अनेक पद्धती होत्या. त्यांतल्या रेट कमांड पद्धतीत दांडा जितका कलवला तितक्या वेगाने यान फिरे आणि दांडा सोडला की थांबे. डायरेक्ट पद्धतीत दांडा म्हणजे थेट थ्रस्टरची झडप. सोडल्यावर फिरणं तसंच चालू. पल्स पद्धतीत एका हालचालीला एकच बारीक फटका. आपण वर ज्या टिचक्या मारल्या त्या हीच पल्स पद्धत.

१६ मार्च १९६६ला नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी जेमिनी ८ हे यान अजेना या मानवरहित यानाला जोडलं. कक्षेत दोन यानं जोडली जाण्याची ती पहिलीच वेळ. अर्ध्या तासाच्या आसपास जोडलेली दोन्ही यानं फिरू लागली. अजेनामध्ये बिघाड असावा असं समजून त्यांनी यान सोडवून घेतलं, तर जेमिनी आणखी जोरात गरगरू लागलं. त्यांच्या स्वतःच्याच यानाचा एक थ्रस्टर उघडा अडकला होता. वेग सेकंदाला जवळजवळ एक फेरी इतका झाला. डोळ्यांपुढचं धूसर होऊ लागलं. आर्मस्ट्राँगनी ती सगळी थ्रस्टर यंत्रणा बंद केली आणि पृथ्वीवर परतताना वापरायची वेगळी यंत्रणा चालू करून, उलटे धक्के देत फिरणं मारलं. त्यात त्या राखीव इंधनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग गेला आणि मोहीम आटोपती घ्यावी लागली. पडद्यावरची कोलांटी थांबवताना आपण तेच काम करत असतो, फक्त आपल्याकडे इंधनाची आणि जिवाची चिंता नसते.

फिरणं हातात आलं की सरकणं घ्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ढकलणारे थ्रस्टर असिस्ट चालू असताना आपण क्वचितच वापरतो. आता तेच मुख्य होतात. बटणांची मांडणी जमत असेल तर अशी करा, की सरकणं सगळं डाव्या हाताकडे आणि फिरणं सगळं उजव्या हाताकडे. सोयूझ यानातही अशीच वाटणी आहे : डावीकडचा दांडा यान सरकवतो, उजवीकडचा यान वळवतो. आणि नजर नाकावरून काढून धुळीवर न्या. खेळात यानाभोवती बारीक ठिपके वाहताना दिसतात. ते ज्या बिंदूतून फाकत येताना दिसतात, तिकडे तुम्ही खरोखर चालला आहात. नाकासमोरचं दृश्य फक्त तुम्ही कुठे पाहता ते सांगतं, कुठे जाता ते धूळ सांगते.

या दोन्हींची सांगड घालणारा एक सराव मला फार मोलाचा वाटतो. एखाद्या ग्रहाच्या कड्यांमध्ये जा, तिथला मोठासा खडक निवडा आणि नाक सतत खडकाकडे ठेवून त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारा. या खेळात यानाचं डावी-उजवीकडे वळणं मुद्दाम मंद ठेवलं आहे, म्हणून फेरी उभी घ्यावी : यान वर सरकवायचं, नाक खाली झुकवत राहायचं. खडकाच्या केंद्रापासून ५०० मीटरवर सेकंदाला ५० मीटर वेगाने जायचं ठरवलं, तर पूर्ण फेरीला सुमारे ६३ सेकंद लागतात आणि नाक सेकंदाला पावणेसहा अंशांच्या आसपास झुकत राहायला हवं. ते झुकणं एकदा नेमकं दिलं की पुन्हा हात लावावा लागत नाही, असिस्ट बंद असल्याचा हा फायदा. पण केवढंही नेमकं झुकवलं तरी यान सरळ रेषेत निघून जाऊ पाहतं. त्याला वर्तुळावर धरून ठेवायला खडकाच्या दिशेने, म्हणजे नाकाच्या दिशेने, सतत हलका जोर हवा. वरच्या आकड्यांत ते त्वरण दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतकं येतं. वेग दुप्पट करा, ते २० होतं. शाळेत फळ्यावर लिहिलेलं केंद्राभिमुख बलाचं सूत्र तुमच्या तर्जनीखाली कमी-जास्त होताना जाणवतं. पहिली पूर्ण फेरी नीट जुळली की जो आनंद होतो, तो शत्रूचं यान पाडण्यात मला कधी मिळाला नाही.

याच कौशल्यावर एका खऱ्या स्थानकाचं भवितव्य अवलंबून होतं. १९८५च्या सुरुवातीला सोव्हिएत संघाचं सॅल्यूत ७ हे रिकामं स्थानक पूर्ण बंद पडलं : वीज नाही, संदेश नाही. सोयूझची स्वयंचलित जोडणी स्थानकाकडून येणाऱ्या संकेतांवर चालायची, आणि इथे संकेतच नव्हते. जूनमध्ये व्लादिमिर झानिबेकोव आणि विक्तोर साविनिख तिकडे निघाले. साविनिख हातात धरायच्या लेझर यंत्राने अंतर मोजून सांगत होते आणि झानिबेकोव हाताने यान चालवत होते. जवळ आल्यावर ते थांबले, परिस्थिती पाहिली, वळसा घेऊन जोडणीच्या बाजूला आले आणि ८ जूनला यान लागलं. (फिरता फिरता अचानक उलटणाऱ्या पंखांच्या नटाचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल; तो गुणधर्म ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हेच झानिबेकोव.)

आपल्या खेळातलं कोरियोलिस स्थानक जिवंत असतं, पण स्वतःभोवती फिरत असतं आणि आत शिरायची फट त्याच्याबरोबर फिरते. साडेसात किलोमीटरच्या आत आलं की उतरण्याची परवानगी मागायची, वेग सेकंदाला १००च्या खाली ठेवायचा, फटीचा हिरवा दिवा उजवीकडे येईल असं बघायचं. असिस्ट बंद ठेवून हे करणं भीतीदायक वाटतं; फटीपुरतं ते उलट सोपं आहे. फटीच्या अक्षावर आलात की फटीच्या वेगाने एकदाच रोल (नाकाच्या अक्षाभोवतीचं फिरणं) द्या आणि बटण सोडा. यान आपसूक फिरत राहील आणि फट तुमच्या दृष्टीने स्थिर होईल. कस लागतो तो आत. उतरण्याचा तळ अक्षावर नसून परिघावर असतो, म्हणजे तो वर्तुळात फिरतो आणि यान सरळ जाऊ पाहतं. खडकाभोवतीची फेरी इथे उपयोगी पडते.

खेळाने एका ठिकाणी भौतिकशास्त्राला मुरड घातली आहे, ते सांगायला हवं. असिस्ट बंद असतानाही यानाला कमाल वेग आहे. अवकाशात अशी मर्यादा कुठून येणार? १९८४चा मूळ ‘एलिट’ डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी लिहिला तेव्हा त्यात जडत्वाला स्थान नव्हतं. १९९३च्या ‘फ्रंटियर : एलिट टू’मध्ये ब्रेबननी न्यूटनचे नियम पुरते आणले, तिथे यानं एकमेकांजवळून प्रचंड वेगाने सटकत आणि झटापट जमेनाशी होई. २०१४च्या ‘एलिट डेंजरस’ने मधला मार्ग घेतला. मला तो पटतो. शिकणाऱ्याला दिशा आणि वाट यांतला फरक कळण्यासाठी अमर्याद वेगाची गरज नाही.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे : या खेळात यानाला कक्षेचं गणित लागू होत नाही. जून १९६५मध्ये जेमिनी ४च्या जेम्स मॅकडिव्हिटनी आपल्याच रॉकेटच्या सोडून दिलेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्यांनी नाक त्या टप्प्याकडे केलं, जोर दिला, आणि अंतर वाढलं. त्यांचा हात चुकला नव्हता. असं का झालं, ते पुढच्या लेखांकात ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा खेळ उघडून पाहू.

तोपर्यंत सरावासाठी ‘एलिट’ विकत घ्यायलाच हवा असं नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला ड्रॅगन यान जोडण्याचा सिम्युलेटर स्पेसएक्सने २०२०मध्ये खुला केला. तो ब्राउझरमध्ये फुकट चालतो. जून २०२५मध्ये शुभांशू शुक्ला ज्या प्रकारच्या यानातून स्थानकावर गेले, त्याचेच पडदे त्यात आहेत. खरं ड्रॅगन स्वतःच जोडणी करतं, सिम्युलेटरमध्ये ती आपल्याला करायची असते. आधी फिरणं शून्यावर आणा, मग वर-खाली आणि डावं-उजवं जुळवा, आणि पुढचा वेग अगदी शेवटी द्या. जोडणीच्या क्षणी मधले सगळे हिरवे आकडे ०.२च्या खाली असावे लागतात.