जातींच्या पातळीवरची नैसर्गिक निवड

नैसर्गिक निवड म्हटले की आपण एकेका सजीवाचा विचार करतो. परिस्थितीत जो टिकतो, त्याची संतती वाढते. हाच नियम संपूर्ण जातीला लावता येईल का? स्टीव्हन स्टॅन्ली यांनी १९७५ मध्ये ही कल्पना ‘जाती-निवड’ म्हणून मांडली. एका जातीतून नवी जात फुटणे हा जातीचा जन्म आणि ती नामशेष होणे हा तिचा मृत्यू, असे येथे मानतात.

जाती-निवडीसाठी तीन अटी लागतात :
१. जातीजातींत फरक असावा.
२. तो फरक नव्या जातीत उतरावा.
३. त्यामुळे जन्मदर किंवा मृत्युदर बदलावा.

आता उदाहरण पाहू. तमिळनाडूतील अरियलूर परिसरात क्रिटेशस काळातील समुद्री शंख-शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. एकोणिसाव्या शतकात फर्डिनांड स्टोलिच्का यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी त्यांचे वर्णन केले. शंखाच्या टोकाचे सुरुवातीचे वेढे शाबूत असतील, तर त्या गोगलगायीचे पिल्लू समुद्रात तरंगत वाढत होते की नाही, याचा अंदाज बांधता येतो. तरंगणारी पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जातात आणि त्या जातीचा भौगोलिक विस्तार सहसा मोठा होतो.

अशाच काळातील अमेरिकेच्या किनारी प्रदेशातील जीवाश्मांवर डेव्हिड जॅब्लॉन्स्की यांनी काम केले. मोठ्या विस्ताराच्या जाती अधिक काळ टिकल्या, कारण एका ठिकाणचे संकट सर्वांना गाठत नाही. लहान विस्ताराच्या जाती लवकर संपल्या, पण त्यांच्यातून नव्या जातीही भराभर फुटल्या. जवळच्या नात्यातील जातींचे विस्तार एकमेकांशी मिळतेजुळते असतात, हे त्यांनी १९८७ मध्ये दाखवले. म्हणजे दुसरी अटही पूर्ण झाली.

येथे एक मुद्दा लक्षात घ्यावा. तरंगणे हा एकेका पिल्लाचा गुण आहे, पण ‘मोठा विस्तार’ कोणत्याही एका गोगलगायीचा गुण नसतो. तो संपूर्ण जातीचा असतो.

मग कोणता गट वाढेल? त्यासाठी जन्मदरातून मृत्युदर वजा करावा. समजा, ठरावीक काळात ‘अ’ गटाच्या १०० जातींत २० नव्या आल्या आणि १८ संपल्या. ‘ब’ गटाच्या १०० जातींत १० आल्या आणि ५ संपल्या. ‘अ’ मध्ये दुप्पट नव्या जाती जन्मल्या, तरी वाढ २ चीच झाली. ‘ब’ मध्ये मात्र ती ५ झाली.

यावरून सजीव ‘जातीच्या भल्यासाठी’ झटतात, असा अर्थ काढू नये. एकेक गोगलगाय स्वतःपुरतीच जगते. निवड होते ती जातींच्या जन्म-मृत्यूच्या हिशेबात.

स्वाध्याय : ‘अ’ गटाचा मृत्युदर कितीपर्यंत खाली आला, तर तो ‘ब’ गटाला मागे टाकेल?